घरच्या नूडल्सना पाणी का सुटते?

घरी परतलेल्या नूडल्स ओलसर आणि गिचका झाल्या की बहुतेक जण पुढच्या वेळी सॉसचे प्रमाण बदलून पाहतात. खरे कारण बहुधा भाज्यांमधल्या आणि मांसातल्या पाण्यात असते. कोबी आणि ढोबळी मिरची यांच्या वजनात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते, कच्च्या चिकनमध्ये सुमारे ७५ टक्के. हे पाणी जितक्या वेगाने सुटते तितक्याच वेगाने त्याची वाफ होऊन गेली तर पदार्थ परतला जातो. नाही तर तो स्वतःच्याच पाण्यात शिजतो.

एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला सुमारे ३१४ ज्यूल ऊर्जा लागते. मात्र त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी २,२५७ ज्यूल, म्हणजे सातपट ऊर्जा खर्ची पडते. घरच्या गॅसचा मोठा बर्नर अडीच किलोवॉटचा धरला आणि त्यातली निम्मी उष्णता पदार्थापर्यंत पोहोचते असे मानले, तर केवळ १०० ग्रॅम पाणी उडवायला तीन मिनिटे लागतात. अर्धा किलो भाजी आणि मांस एकदम कढईत टाकले तर एवढे पाणी सहज सुटते, आणि पृष्ठभाग ओला आहे तोवर तेथील तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. तांबूस रंग आणि खमंग वास देणारी मायार अभिक्रिया, जिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये केले, ती साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. तोपर्यंत भाजीचा लगदा झालेला असतो.

दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांतात, जिथे परतलेल्या नूडल्सवरून आचाऱ्याची पारख होते, उपाहारगृहातील शेगडी घरच्या शेगडीच्या दहापट शक्तीची असू शकते. तेथे वाफ क्षणात उडते, उसळलेले तेलाचे थेंब ज्वाळेत पेट घेतात आणि त्या पदार्थाला 'वॉक हेइ' म्हणून ओळखला जाणारा धुरकट सुगंध येतो. एवढ्या आचेवर अन्न करपत कसे नाही, याचा अभ्यास जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हंगतांग को आणि डेव्हिड हू यांनी परतलेल्या भातावर करून २०२० मध्ये प्रसिद्ध केला. आचारी सेकंदाला जवळजवळ तीन वेळा कढई हलवतो. प्रत्येक झोल्यासरशी दाणे हवेत उडतात, किंचित निवतात आणि पुन्हा तापलेल्या लोखंडावर पडतात. घरी मात्र ही नक्कल करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आपली अडचण जादा उष्णतेची नसून अपुऱ्या उष्णतेची आहे. कढई शेगडीवरच राहू द्यावी आणि उलथन्याने परतावे.

आच वाढवता येत नसेल तर घाणा लहान करावा, म्हणजे एका वेळी थोडेच परतावे. लोखंडी कढई रिकामी तापवून तिच्यात पाण्याचा थेंब टाकावा. तो चटकन न उडता गोळी होऊन पळू लागला की कढई पुरेशी तापली. मग आधी चिकन, तेही दोन वेळा करून, नंतर भाज्या, आणि शेवटी नूडल्स असे वेगवेगळे परतून ताटात काढत जावे. या कामात कानाचा उपयोग मोठा आहे. कोरडा, तीव्र चर्र आवाज येतो तोवर पाणी उडते आहे. तो मंदावून खदखद ऐकू येऊ लागली की कढईत गर्दी झाली आहे. मीठ शेवटी घालावे, कारण ते पेशींतले पाणी बाहेर ओढते.

चिकन तंतूंना आडवे, पातळ कापावे, म्हणजे प्रत्येक तंतू आखूड होतो आणि चावायला सोपा जातो. पाव किलोला पाव चमचा खायचा सोडा लावून पंधरा मिनिटांनी धुतल्यास मांस अल्कधर्मी बनते, त्यातील प्रथिने तापल्यावर कमी आक्रसतात आणि रस धरून ठेवतात. धुतल्यावर ते नीट कोरडे करून थोडे कॉर्नफ्लोअर चोळावे. त्याचा शिजलेला थर आतला ओलावा राखतो आणि पुढे सॉसही धरून ठेवतो.

गव्हाच्या नूडल्स किंचित कच्च्या असतानाच उतरवून गार पाण्याखाली धुवाव्यात. त्यामुळे वरचा चिकट स्टार्च निघून जातो. त्या पूर्ण निथळून, थोडे तेल लावून, पसरून गार केल्यास स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट जुळतात आणि नूडल्स परतताना तुटत नाहीत. गरम, वाफाळत्या नूडल्स थेट कढईत टाकण्याची घाई इथेच नडते.

सर्व एकत्र केल्यावर सोया सॉस मधोमध न ओतता कढईच्या तापलेल्या कडेने सोडावा. तिथे त्यातले पाणी झटकन उडते आणि सॉसमधील शर्करा व अमिनो आम्ले लोखंडाला भिडून खमंग होतात. हे सारे नॉनस्टिक भांड्यात करू नये: त्याचा टेफ्लॉनचा थर सुमारे २६० अंशांपुढे विघटित होऊन अपायकारक वायू सोडू लागतो, आणि मोठ्या आचेवर रिकामे भांडे काही मिनिटांतच त्या तापमानाला पोहोचते.