बुजवला म्हणून वाचला: अंतालियाचा हेड्रियन दरवाजा आणि त्यामागचं गाव

इ.स. १३० च्या सुमारास रोमन सम्राट हेड्रियन आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बंदरात येऊन गेला. गावाचं तेव्हाचं नाव अतालिया, आताचं अंतालिया. सम्राट येणार म्हटल्यावर गावाने काय करायचं हे तेव्हा ठरलेलं होतं. कमान उभारायची, वर त्याचं नाव घालायचं. ही रीत किती चिवट, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरला म्हणून गेटवे ऑफ इंडिया बांधायला घेतला. राजाला तेव्हा दाखवायला फक्त पुठ्ठ्याची प्रतिकृती होती, दगडी कमान पुरी व्हायला १९२४ उजाडलं. विजयकमानीचा तो साचा मुळात रोमनांचाच.

हेड्रियनचा पाय घरात ठरत नसे. ११७ ते १३८ अशी एकवीस वर्षं तो गादीवर होता आणि त्यातला निम्म्याहून अधिक काळ त्याने इटलीबाहेर काढला. ब्रिटनमध्ये त्याच्या नावाची भिंत आहे, अथेन्समध्ये कमान आहे, जॉर्डनमधल्या जेराशला कमान आहे. अंतालियाच्या नैर्ऋत्येला किनाऱ्यावर फासेलिस नावाचं उजाड बंदर आहे, तिथेही धक्क्याजवळ त्याच्याच नावाच्या कमानीचे दगड पडलेले दिसतात. म्हणजे अंतालियाने काही जगावेगळं केलं नव्हतं. जगावेगळं आहे ते या दरवाजाचं टिकणं.

दरवाजा आज शहराच्या ऐन गर्दीत, अतातुर्कच्या नावाच्या रुंद रस्त्यावर उभा आहे. समोरून ट्रॅम जाते, दोन्हीकडे ताडाची झाडं. स्थानिक लोक त्याला ‘उचकापलार’, म्हणजे तीन दरवाजे, म्हणतात. तीन सारख्या कमानी, प्रत्येकीची रुंदी चार मीटरपेक्षा थोडी जास्त. दर्शनी बाजूला चार खांब, मागच्या बाजूला चार. खांब ग्रॅनाइटचे, बाकी बांधकाम पांढऱ्या संगमरवराचं. कमानीखाली उभं राहून मान वर केली की चौकोनी खणांचं छत दिसतं आणि खणाखणात वेगवेगळी फुलं कोरलेली. मूळ इमारतीला वर आणखी एक मजला होता, तो आता नाही.

बहुतेक प्रवासी छताचे फोटो काढतात आणि पुढे जातात. माझ्या मते पाहण्यासारखी गोष्ट पायाखाली आहे. रस्त्याची पातळी शतकानुशतकं वर चढत गेल्यामुळे दरवाजात जायला आज काही पायऱ्या उतराव्या लागतात. मधल्या कमानीत जुन्या फरसबंदीवर काचेचा पूल टाकलाय. काचेतून खाली पाहिलं की दगडात गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या स्पष्ट दिसतात. सम्राट एकदा येऊन गेला असेल, पण या चाकोऱ्या धान्य, तेल, लाकूड ओढणाऱ्या गाड्यांच्या आहेत. स्वागतकमान असली तरी ती गावाची रोजची वेस होती.

दरवाजाच्या दोन्ही अंगांना दोन बुरूज आहेत आणि ते जुळे नाहीत. दक्षिणेकडचा रोमन काळातला, युलिया सांक्ता नावाच्या बाईने स्वखर्चाने बांधलेला. तसा लेखच त्यावर आहे. बायकांनी गावाच्या तटाबुरुजांवर पैसा खर्च करणं या भागात नवलाचं नव्हतं. जवळच्या पेर्गे नगरीत प्लांकिया माग्ना या धनाढ्य बाईने साधारण त्याच काळात जुन्या वेशीचं रूप पालटून टाकलं होतं. उत्तरेकडच्या बुरुजाचा खालचा भाग रोमन आहे, पण वरचा तेराव्या शतकातल्या सेल्जुक या तुर्क घराण्यातल्या सुलतान अलाउद्दीन कैकुबादने बांधून घेतलेला. त्यावर अरबी लिपीतला लेख आहे. मध्ये रोमन कमानी, एका हाताला एका बाईचं नाव, दुसऱ्या हाताला सुलतानाचं.

गाव मात्र रोमनांनी वसवलेलं नाही. पेर्गामोनचा राजा दुसरा अतालोस (कारकीर्द इ.स.पू. १५९ ते १३८) याने ते वसवलं आणि स्वतःचं नाव दिलं. ‘पृथ्वीवरचा स्वर्ग शोधून आणा’ असं त्याने माणसांना फर्मावलं आणि ते इथे येऊन थबकले, ही गोष्ट गाइड हटकून सांगतात. समोर निळं आखात, पलीकडे बेय पर्वतांची रांग, असा देखावा असल्यावर गोष्ट पटायला वेळ लागत नाही. पण राजाची गरज साधी होती. त्याचं राज्य उत्तर-पश्चिमेला आणि त्याला दक्षिणेच्या समुद्रावर स्वतःचं बंदर हवं होतं. पूर्वेकडचं सिदे हे बंदर आधीपासून बलाढ्य होतं आणि ते त्याच्या ताब्यात नव्हतं. इथे उंच कड्याच्या पोटात एक छोटी, वाऱ्यापासून आडोशाची खाडी सापडली. कड्यावर गाव, खाली धक्का. ही ठेवण आजही तशीच आहे.

पुढे इ.स.पू. १३३ मध्ये तिसऱ्या अतालोसने मरताना आपलं राज्यच रोमच्या नावे करून टाकलं. तरी या किनाऱ्यावर बरीच वर्षं चाच्यांचीच सत्ता चालली. इ.स.पू. ७८ नंतरच्या मोहिमेत रोमन सेनानी सर्व्हिलियसने त्यांचा बंदोबस्त केला, तेव्हा कुठे अतालिया खरोखर रोमची झाली. इ.स.पू. ४८ मध्ये सीझरकडून हरलेला पोम्पी पळता पळता इथे थांबला होता. ख्रिस्ती धर्मप्रचारक पॉल आणि बार्नाबस पहिल्या धर्मयात्रेहून परतताना याच बंदरातून जहाजात बसले, हे बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या भागात एका ओळीत येतं. हेड्रियन आला तेव्हा गाव पावणेतीनशे वर्षांचं होतं.

आता मूळ प्रश्न. भूकंपाचा प्रदेश, वारंवार लढाया आणि बांधकामाला दगड हवा की जुनी इमारत फोडायची सवय. इतकं सगळं असून ही कमान उभी कशी राहिली? उत्तर असं, की ती बंद केली गेली. रोमन शांतता ओसरल्यावर तीन मोठ्या कमानींची उघडी वेस म्हणजे शत्रूला आवतणच. कधीतरी कमानींच्या पुढून तटाची भिंत गेली आणि दरवाजा तिच्या आड गेला. वापर थांबला, पण दगडाला दगडाचा आधार मिळाला. ज्यांच्या हातात पहारी होत्या त्यांच्या डोळ्यांसमोर ती नक्षी राहिलीच नाही.

तट घट्ट करायला कारणंही तशीच होती. अतालिया हे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, आरमाराचं मोठं ठाणं होतं. ९०४ साली अरब आरमाराचा सेनानी, त्रिपोलीचा लिओ, याने थेसालोनिकीवर जाण्याआधी हे बंदर लुटलं. दुसऱ्या क्रुसेडमध्ये, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धात, फ्रान्सचा राजा सातवा लुई ११४८ साली इथवर पोचला, मिळाली तेवढी जहाजं घेऊन सरदारांसह निघून गेला आणि पायदळाला मागे सोडून गेला. त्यातले बरेचसे उपासमारीने आणि तुर्कांच्या हल्ल्यांत मेले. १२०७ मध्ये सेल्जुक सुलतान कैखुस्रवने शहर घेतलं. मग बंड झालं, ते हातचं गेलं आणि १२१६ मध्ये त्याचा मुलगा कैकाऊस याने परत जिंकलं. या विजयाचा भलामोठा लेख त्याने तटाच्या दगडांवर कोरून घेतला. त्याचे तुकडे आता विखुरलेत.

सेल्जुकांना अंतालिया हवं होतं ते व्यापारासाठी. इजिप्त, सायप्रस, व्हेनिस या सगळ्यांशी समुद्रमार्गे देवघेव करायची तर त्यांना हे दार लागणारच. शहराची खूण बनलेला ‘यिव्ली मिनार’ याच काळातला. ३८ मीटर उंच, उभ्या पन्हळींचा, भाजक्या विटांचा.

तटबंदीच्या आत माणसं कशी राहत, याचं सगळ्यात जिवंत वर्णन मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याचं आहे. तो १३३० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे आला. त्याने लिहिलंय की शहरात प्रत्येक जमातीचा मोहल्ला वेगळा आणि प्रत्येकाला स्वतःची भिंत. परदेशी ख्रिस्ती व्यापारी बंदरालगत राहतात आणि त्यांच्या वस्तीचे दरवाजे रात्री व शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी बाहेरून बंद होतात. ग्रीक वेगळे, ज्यू वेगळे, अमीर आणि त्याचे लोक वेगळे, मुसलमान रयत वेगळी. वेशीच्या आत वेशी! इथल्या जर्दाळूंचीही त्याने तारीफ केली आहे. वाळवून ते इजिप्तला जात. आणि एक प्रसंग आहे. जुनेपाने कपडे आणि डोक्याला फेल्टची टोपी घातलेला एक माणूस येऊन त्याला जेवायचं आमंत्रण देतो. हा गरीब आपल्याला काय जेवू घालणार, असं बतूताला वाटतं. तेव्हा कळतं की तो चर्मकार आहे आणि वेगवेगळ्या धंद्यांतल्या दोनशे जणांनी त्याला आपला प्रमुख निवडलंय. त्यांनी मिळून प्रवाशांसाठी मठ बांधला होता आणि दिवसा जे कमवत ते रात्री पाहुण्यांवर खर्च करत. हाच बतूता पुढे दिल्लीमार्गे आपल्या दौलताबादला पोचला आणि तिथल्या किल्ल्याच्या अंधारकोठड्यांत मांजरांपेक्षा मोठे उंदीर आहेत असं लिहून गेला. माणसाची नजर अशा गोष्टींवर बरोबर पडायची.

बतूतानंतर तीसेक वर्षांनी, १३६१ मध्ये, सायप्रसचा राजा पहिला पीटर शहर घेऊन बसला आणि १३७३ पर्यंत ते त्याच्या लोकांकडे राहिलं. नंतर उस्मानी (ऑटोमन) तुर्क आले ते कायमचेच. त्यांच्या शतकांत तटाच्या आतल्या वस्तीला आजचं रूप आलं. अरुंद, वळणावळणाचे बोळ, खाली दगडी भिंत, वर लाकडी मजला आणि गल्लीवर पुढे आलेला सज्जा. घराचं तोंड रस्त्याकडे नाही, आतल्या अंगणाकडे. या भागाला ‘कालेइची’ म्हणतात, म्हणजे किल्ल्याच्या आतला.

१६७१ साली उस्मानी प्रवासी एव्लिया चेलेबी इथे आला. इथले ग्रीक ख्रिस्ती ग्रीक बोलतच नाहीत, मोडकीतोडकी तुर्की बोलतात, असं त्याने नोंदवलंय. ही नोंद पुढच्या इतिहासामुळे टोचते. कारण १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची अदलाबदल ठरवली ती भाषेवर नव्हे, धर्मावर. तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसला धाडले गेले आणि क्रीटसारख्या ठिकाणांहून ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात आले. कालेइचीतली कितीतरी देखणी घरं, ज्यांत आता हॉटेलं थाटली आहेत, ती त्या गेलेल्या लोकांची.

दरवाजाकडे परत येऊ. १८११-१२ मध्ये ब्रिटिश नौदलातला फ्रान्सिस बोफर्ट या किनाऱ्याचा नकाशा करत होता. वाऱ्याच्या वेगाचं बोफर्ट मापन ज्याच्या नावाने ओळखतात, तोच. याच मोहिमेत पूर्वेकडच्या आयास या बंदराशी त्याला गोळी लागली आणि काम आटोपतं घ्यावं लागलं. त्याचा वृत्तांत १८१७ मध्ये छापून आला आणि दरवाजाची दखल युरोपात घेतली गेली. १८८० च्या दशकात काउंट लांकोरोन्स्कीच्या मोहिमेने त्याचा बारकाईने अभ्यास केला. हेड्रियनला वाहिलेला लेख सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझच्या अक्षरांत होता. ती अक्षरं निखळली आणि त्यातली काही आता युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. दरवाजा इथे, त्यावरची पाटी तिकडे.

जुन्या वस्तू बाहेर जाण्याची भीती पुढेही होतीच. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ ते १९२१ अंतालिया इटलीच्या ताब्यात होतं. तेव्हा सुलेमान फिकरी एर्तेन या शाळामास्तराने जमतील तेवढे अवशेष गोळा करून जपले आणि त्यातूनच १९२२ मध्ये अंतालियाचं संग्रहालय उभं राहिलं. पेर्गेला सापडलेला हेड्रियनचा पुतळा त्याच संग्रहात आहे. एका शिक्षकाचं हे काम मला त्या सगळ्या सुलतानांच्या लेखांपेक्षा मोठं वाटतं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तटाचा बराचसा भाग पाडला गेला. १९५० च्या दशकात दरवाजापुढच्या भिंतीचा भाग ढासळला आणि कमानी उघड्या पडल्या. १९५९ मध्ये डागडुजी झाली. ज्या तटाने दरवाजा वाचवला, तो तट स्वतः मात्र वाचला नाही. १९७० च्या दशकात कालेइची संरक्षित क्षेत्र ठरलं, पडीक बंदराचा कायापालट झाला आणि १९८४ मध्ये त्या कामाला पर्यटन पत्रकारांच्या जागतिक संघटनेचा ‘सोनेरी सफरचंद’ पुरस्कार मिळाला. घरं वाचली हे खरं. पण आता तिथे राहणाऱ्यांपेक्षा मुक्कामाला येणारे जास्त दिसतात, हेही खरं.

जायचंच तर दरवाजातून आत शिरून ‘हेसाप्ची’ गल्ली धरावी. वाटेत ‘केसिक मिनार’ लागतो, म्हणजे छाटलेला मिनार. रोमन देऊळ, मग चर्च, मग मशीद, सायप्रसवाल्यांच्या काळात पुन्हा चर्च, मग पुन्हा मशीद असा त्याचा प्रवास. १८९६ च्या आगीत मिनाराचा शेंडा गेला आणि ते नाव पडलं. अलीकडच्या डागडुजीत त्याला नवं टोक बसवून तिथे परत मशीद सुरू केली, त्यामुळे नाव आणि रूप यांची फारकत झालीय. भग्नावशेष तसाच ठेवायला हवा होता, असं म्हणणारे आहेत आणि मीही त्यांच्यातलाच. गल्ली संपते तिथे कड्याच्या टोकावर हिदिर्लिक बुरूज आहे. १४ मीटर उंच, गोल, दुसऱ्या शतकातला. कोणा बड्या रोमन माणसाचं थडगं म्हणून तो बांधला असावा, असं अभ्यासक मानतात. दाराशी कोरलेल्या अधिकारदंडांच्या जुड्या, म्हणजे रोमन अधिकाऱ्यांची खूण, हा त्यांचा पुरावा. पुढे तोही तटाच्या कामी आला.