डावाचा प्रश्न आणि डावाचं रडगाणं

कमी पैशांच्या ऑनलाइन पोकरमध्ये हरलेला डाव दुसऱ्यापुढे ठेवायची वेळ प्रत्येकावर येते. तो ठेवायच्या दोन पद्धती आहेत. वरवर पाहता त्या सारख्या वाटतात, कारण दोन्हींत पत्ते तेच असतात आणि शेवटी प्रश्नचिन्हही असतं. एकीतून शिकायला मिळतं, दुसरीतून फक्त सहानुभूती.

आधी एक कायद्याची गोष्ट. भारतात २०२५च्या कायद्यानुसार पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आहे. पुढचं उदाहरण सेंटमध्ये आहे ते त्यामुळेच. अमेरिकेतल्या न्यू जर्सीसारख्या राज्यात, जिथे २०१३पासून ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे, तिथल्या मराठी खेळाडूला हे टेबल ओळखीचं वाटेल.

नवख्यांसाठी थोडे शब्द. होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते असतात आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचा (रिव्हर). बेट म्हणजे पैसे लावणं, कॉल म्हणजे समोरच्याएवढे भरणं, रेझ म्हणजे वाढवणं, चेक म्हणजे काही न लावता पुढे जाणं, फोल्ड म्हणजे पत्ते टाकून देणं. जमलेले पैसे म्हणजे पॉट, आणि एकाच रंगाचे (बदाम, इस्पिक वगैरे) पाच पत्ते म्हणजे फ्लश.

पहिली मांडणी अशी:

"माझ्याकडे एक्क्यांची जोडी. फ्लॉपवर बेट, टर्नवर बेट, समोरचा नुसता कॉल करत बसलाय. रिव्हरला बदाम आलं आणि अचानक त्यानेच मोठी बेट टाकली. मी कॉल केला, त्याने फ्लश दाखवला. असले पत्ते धरून कोण दोन-दोन बेट कॉल करतं? माझं काय चुकलं?"

तोच डाव, दुसरी मांडणी (नो-लिमिट म्हणजे बेटला कमाल मर्यादा नाही; ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधी दोघांनी सक्तीने भरायच्या रकमा, जास्त भरणारा तो बिग ब्लाइंड; कटऑफ म्हणजे वाटणाऱ्याच्या उजवीकडची जागा):

"नो-लिमिट होल्डेम, सहा जणांचं टेबल, ब्लाइंड ५ आणि १० सेंट, दोघांकडेही १० डॉलर. मी कटऑफवर, हातात इस्पिक एक्का आणि चौकट एक्का. २५ सेंटला रेझ, फक्त बिग ब्लाइंडचा कॉल. पॉट ५५ सेंट. फ्लॉप: बदाम राणी, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. त्याचा चेक, माझी ३५ सेंटची बेट, कॉल. पॉट १.२५ डॉलर. टर्न: इस्पिक पंजी. चेक, माझी ९० सेंटची बेट, कॉल. पॉट ३.०५, दोघांकडे मागे ८.५०. रिव्हर: बदाम दुर्री. आता तोच आधी २.३०ची बेट टाकतो. त्याच्यासोबत ३१० डाव झालेत. ४३ टक्के डावांत तो स्वतःहून पैसे घालतो, फ्लॉपआधी रेझ मात्र फक्त ८ टक्के. मला फोल्ड वाटतंय, कारण तो पुढाकार घेऊन बेट क्वचितच करतो. कॉल की फोल्ड?"

लोकांना वाटतं की फरक सुराचा आहे, एक चिडून लिहिलंय आणि दुसरं शांतपणे. खरा फरक गोष्ट कुठे थांबते त्यात आहे. दुसरी मांडणी निर्णयाच्या क्षणी थांबते. समोरच्याने काय दाखवलं ते त्यात नाहीच. पहिलीत फ्लश आधीच उघड झालाय, त्यामुळे वाचणारा कितीही जाणकार असला तरी त्याचं मन "फोल्डच करायला हवं होतं" इकडे झुकतं. निकालावरून निर्णयाची किंमत ठरवण्याच्या या सवयीला पोकरवाले रिझल्टिंग म्हणतात. ती टाळायचा सोपा उपाय एवढाच की निकाल सांगायचा नाही. उत्तरं येऊन गेली की एक-दोन दिवसांनी सांगा, आणि तेव्हा नक्की सांगा, कारण ज्यांनी डोकं लावलं त्यांचा तो हक्क आहे.

काही डावांत मात्र प्रश्नच नसतो. फ्लॉपआधी सगळे पैसे आत गेले, तुमच्याकडे एक्के आणि त्याच्याकडे राजे. एक्के साधारण ८२ टक्के वेळा जिंकतात, म्हणजे साडेपाच वेळांत एकदा हरतात. पैसे आत गेल्यावर घ्यायचा निर्णय उरला नाही, तर विचारायला काही उरत नाही. असा डाव मित्राला सांगून मन मोकळं करा, त्यात गैर काही नाही. माणसाला ते लागतं. फक्त त्याला सल्ल्याच्या रांगेत उभं करू नका, आणि डोकं तापलेलं असेल तर त्या दिवसापुरतं टेबल बंद करा.

आता मुद्दा तपशिलाचा. दुसऱ्या मांडणीतले आकडे शोभेचे नाहीत. एकेक काढून पाहिला तर उत्तर कसं बिघडतं ते कळतं.

पॉटचा आकडा नसेल तर किंमतच काढता येत नाही. २.३० भरून ५.३५ जिंकायचे आहेत (३.०५ आधीचे आणि त्याचे २.३०). २.३० भागिले ७.६५, म्हणजे ३० टक्के. एवढ्या वेळा तुमचे एक्के पुढे असतील तरच कॉल फायद्याचा. समजा साइट पॉटमधून ५ टक्के रेक, म्हणजे स्वतःचा वाटा, कापते. मग ७.६५चे ७.२७ उरतात आणि गरज ३२ टक्क्यांच्या जवळ जाते. त्याच्याकडे तुम्हाला हरवणाऱ्या पत्त्यांच्या १४ जोड्या असतील, तर रेकशिवाय ६ कमजोर जोड्या जवळपास पुरल्या असत्या. रेक धरला की ७ लागतात. कमी पैशांच्या टेबलावर रेक विसरणं महागात पडतं ते असं.

"दोन एक्के" एवढंच लिहिलं आणि रंग गाळले, तर सगळ्यात मोठा धागा हरवतो. टेबलावर बदामाची राणी, अठ्ठी आणि दुर्री आहे. बदाम एक्क्यासोबत दुसरं बदाम धरलं तर नऊ जोड्या होतात. त्यातली एक्का-राजा बहुतेक जण फ्लॉपआधीच पुन्हा रेझ करतात, उरल्या आठ. तुमच्याकडे इस्पिक आणि चौकट एक्का आहे, म्हणून या आठही त्याच्या हातात असू शकतात. तुमच्या एका एक्क्याचा रंग बदाम असता तर आठच्या आठ एका फटक्यात बाद झाल्या असत्या. पत्ते तेवढेच तगडे, पण कॉलचं गणित वेगळं.

प्रतिस्पर्ध्याची माहिती नसेल तर उत्तर देणारा स्वतःच्या मनातला खेळाडू तिथे बसवतो. ४३ आणि ८ या आकड्यांचा माणूस पुष्कळ पत्ते खेळतो पण रेझ करत नाही. गुलाम-दश्शी किंवा दश्शी-नव्वी घेऊन तो टर्नपर्यंत येऊ शकतो, पण हुकल्यावर रिव्हरला २.३० टाकून ब्लफ करेल ही शक्यता कमी. म्हणून इथे फोल्ड. आकडे २४ आणि १९ असते, तर तोच डाव कॉलकडे सरकला असता. एक सावधगिरी: ३१० डावांत किती पत्ते खेळतो याचा अंदाज बरा येतो. रिव्हरवर किती वेळा बेट करतो याचे प्रसंग मात्र तेवढ्यात मोजकेच घडलेले असतात, त्या टक्केवारीवर भार टाकू नका.

"मला फोल्ड वाटतंय, कारण…" हे वाक्य अनेक जण संकोचाने गाळतात. ते सगळ्यात मोलाचं आहे. ते नसेल तर लोक तुमचा डाव तपासतात, ते असेल तर तुमचा विचार तपासतात. डाव पुन्हा कधी तसाच येणार नाही, विचार रोज येतो.

उत्तरांतही अशीच एक फसवी जोडी असते. "फोल्ड, सोपं आहे" हे मत झालं. "हे पत्ते हरवतात, हे हरतात, इतके हवेत" हे उत्तर झालं. पहिलं मिळालं तर एवढंच विचारा: "त्याच्याकडे कोणते पत्ते धरून म्हणता?" ज्याला ते सांगता येत नाही त्याचं मत अनुभवी असेलही, पण तुम्हाला उचलता येणार नाही. सॉल्व्हरमधून (आदर्श चाल काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) काढलेल्या आकड्यांचंही तेच. सॉल्व्हर धरून चालतो की समोरचाही समतोल खेळतोय, ब्लफ योग्य प्रमाणात करतोय. वर वर्णन केलेला माणूस तसा खेळत नाही. म्हणून "सॉल्व्हर कॉल करतो" ही सुरुवात आहे, निवाडा नव्हे.

आणि डाव संपल्याशिवाय कुणालाही विचारू नका. एका वेळी एकाच खेळाडूने एका हाताचा निर्णय घ्यायचा, हा नियम ऑनलाइनही लागू आहे. चालू डावात मदत घेणं ही फसवणूक धरली जाते आणि खातं बंद होऊ शकतं. खेळताना डावावर खूण करा आणि दुसऱ्या दिवशी त्यातले दोनच निवडा. साइटने जतन केलेल्या नोंदीतून आकडे उतरवा, आठवणीतून नको, आणि समोरच्याचं टोपणनाव काढून टाका.

नीट विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा विचारलेल्या जागी नसतं. रडगाण्यातला प्रश्न होता, "असल्या पत्त्यांवर कोण कॉल करतं?" टर्नवर त्याचा कॉल खरंच महाग होता. चार बदामांवर एक बदाम यायची शक्यता साधारण २० टक्के, आणि तो ९० सेंट भरून २.१५ जिंकायला बसला होता. रिव्हरवर तुम्ही एक सेंटही दिला नाहीत तर असा प्रत्येक कॉल त्याला सरासरी २९ सेंटला पडतो. म्हणजे पॉट त्याच्याकडे गेला तरी टर्नवर पैसे तुम्ही कमावलेत. पण फ्लश लागल्यावर दर वेळी त्याचे २.३० कॉल केलेत, तर तोच चुकीचा कॉल त्याला १७ सेंट मिळवून देतो. रिव्हरवर सरासरी १.४५पेक्षा जास्त दिलंत की तो फायद्यात. याला नशीब म्हणता येणार नाही, ती रक्कम तुम्ही ठरवता.

त्यावरून जाणकार पुढचा प्रश्न टर्नचाच काढेल. जो माणूस काहीही धरून कॉल करतो त्याला ९० सेंट स्वस्त का लावले? पॉटएवढी १.२५ची बेट केली असती, तर कॉल वसूल करायला त्याला रिव्हरवर १.४५ऐवजी २.५० लागले असते.