सायलेंट पी (इंग्रजी शब्दारंभ)

सायलेंट पी : इंग्रजीत पी-टी, पी-एस किंवा पी-एन या जोडीने सुरू होणाऱ्या शब्दांतला पहिला 'पी'. तो लिहायचा असतो, बोलायचा नसतो. यांतले बहुतेक शब्द मूळचे ग्रीक. ग्रीकमध्ये हा प स्वच्छ उच्चारला जातो. फ्रेंच आणि जर्मन माणसेही सायकॉलॉजीची सुरुवात 'प्स' अशीच करतात. इंग्रजी जिभेला मात्र शब्दाच्या तोंडाशी ही जोडाक्षरे जमली नाहीत. तिने प गिळला आणि स्पेलिंग तसेच ठेवले.

मराठी माणसाला या जोडाक्षरांचे भय वाटायचे कारण नाही. तृप्तीत प्त आहे, स्वप्नात प्न आणि जुगुप्सेत प्स. पण आपण हे शब्द कानाने घेतले, म्हणून न्यूमोनिया, सोरायसिस, टॉलेमी असे देवनागरीत लिहिताना प कुठे होता याचा मागमूसही राहत नाही. तो भेटतो स्पेलिंग पाठ करताना. ठाण्यातल्या मराठी घरांत यावर जुना उपाय आहे : मनात 'पन्यूमोनिया' म्हणायचे आणि बाईंसमोर 'न्यूमोनिया'.

सायलेंट पीला मुका म्हणतात, ते तितकेसे खरे नाही. तो फक्त शब्दाच्या दाराशी गप्प असतो. त्याच्या आधी स्वर आला की लगेच बोलू लागतो. उत्तम उदाहरण म्हणजे हेलिकॉप्टर. आपण त्याची फोड 'हेलि' आणि 'कॉप्टर' अशी करतो. खरी फोड आहे 'हेलिको' म्हणजे मळसूत्र किंवा वेटोळे आणि 'प्टर' म्हणजे पंख. हाच पंख टेरोडॅक्टिलच्या सुरुवातीला आहे, पण तिथे प ऐकू येत नाही. उडणाऱ्या या प्राचीन सरीसृपाच्या नावाचा अर्थ 'पंख-बोट', कारण त्याचा पंख एका लांबलचक बोटावर ताणलेला असे. फुलपाखरे आणि पतंग यांच्या गणाचे नाव लेपिडॉप्टेरा, म्हणजे खवलेपंखी. घोडबंदर रोडला ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात एखादे मेलेले फुलपाखरू चिमटीत धरले तर बोटांना जी भुकटी लागते, ती म्हणजे हे खवले. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या मोठ्या रोहित पक्ष्याच्या, म्हणजे फ्लेमिंगोच्या, प्रजातीचे शास्त्रीय नाव फिनिकॉप्टेरस. त्याचा अर्थ लालभडक पंखांचा. आपण त्याला अग्निपंख म्हणतो, आणि हे नाव लॅटिनपेक्षा जास्त चांगले आहे.

या पंखाचे मूळ मराठी वाचकाच्या घरातलेच आहे. संस्कृतात पत् या धातूचे दोन अर्थ : उडणे आणि पडणे. पत्र म्हणजे आधी पंख, मग झाडाचे पान, आणि पुढे पोस्टमन आणतो तो कागद. पतंग त्याच घरातला. ग्रीकमधला 'प्टेरॉन', म्हणजे पंख, हा या पत्राचा भाऊ, आणि 'प्टोसिस' हा पतनाचा. वैद्यकात टोसिस म्हणजे वरची पापणी खाली ओघळणे. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर हा शब्द पाहून घाबरणाऱ्याने पतन आठवावे, अर्थ तिथेच आहे. आजाराचे लक्षण या अर्थाचा सिम्प्टम हाही याच कुळातला : मुळात 'सोबत येऊन पडणे', म्हणजे योगायोग. टोमेन हा जुना शब्द पडलेल्या देहावरून, म्हणजे मढ्यावरून आला. सडत्या मांसातल्या रसायनांना तो लावत, आणि शिळ्या अन्नाच्या विषबाधेला पूर्वी टोमेनची विषबाधा म्हणत. आता तो शब्द मोडीत निघाला आहे.

मोडीत निघालेला दुसरा म्हणजे टायलिन. हे लाळेतल्या पाचक रसाचे जुने नाव, ग्रीकमधल्या थुंकीवरून पडलेले. जुन्या पिढीच्या जीवशास्त्राच्या वहीत ते हमखास सापडते. भात बराच वेळ चावला की गोड लागतो तो याच्यामुळे. आता तिथे अमायलेज लिहितात.

पी-टीच्या यादीत एक तोतयाही आहे. टार्मिगन हा थंड प्रदेशातला, हिवाळ्यात पांढरा होणारा पक्षी. त्याचे नाव स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतले, आणि तिथे प नव्हताच. पक्षी म्हणजे पंख, पंख म्हणजे ग्रीक, असे समजून सतराव्या शतकात विद्वानांनी त्याला पी जोडला. तीनशेहून अधिक वर्षे झाली, तो निघालेला नाही.

पी-एसचे शब्द संख्येने जास्त, पण त्यांतले बरेचसे 'स्यूडो', म्हणजे खोटा, याचीच पिलावळ. टोपणनावाला स्यूडोनिम म्हणतात, या हिशेबाने कुसुमाग्रज हे शिरवाडकरांचे खोटे नाव ठरते. आपला शब्द अधिक प्रेमळ आहे. इंग्रजीतला साम म्हणजे तारा छेडून गायलेले स्तोत्र. मराठी बायबलमधली स्तोत्रसंहिता ती हीच. सोरायसिस खाजेवरून. सिटाकोसिस हा पोपटाच्या ग्रीक नावावरून आलेला ताप. १९२९-३० मध्ये पिंजऱ्यातल्या पोपटांमुळे त्याची साथ अनेक देशांत पसरली होती. निकालाच्या रात्री चॅनलवर बसणाऱ्या निवडणूक-पंडितांचे शास्त्र म्हणजे सेफॉलॉजी. त्यातला 'सेफ' म्हणजे खडा, कारण प्राचीन अथेन्समध्ये मत देताना खडे टाकत. त्या पंडितांची भाकिते पाहता खडे टाकणे हा शब्द मराठी अर्थानेही चालेल.

पी-एन मध्ये शब्द थोडे, आणि जवळपास सगळे श्वासाचे, वाऱ्याचे किंवा फुप्फुसाचे. टीटीसीच्या, म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या, एमआयडीसीत काम करणाऱ्याला न्यूमॅटिक सिलिंडर रोजचा, हवेच्या दाबावर चालणारा. फ्रेंच लोक टायरला नुसते 'प्न' म्हणतात. झोपेत श्वास अडकतो त्या विकाराला अ‍ॅप्निया नाव आहे. आधी 'अ' आला आणि प जागा झाला.

यांतला सर्वांत देखणा शब्द ठाणे खाडीत चिखलातून वर आलेला दिसतो. न्यूमॅटोफोर, म्हणजे श्वास वाहणारा, मराठीत श्वसनमूळ. खाडीच्या चिखलात प्राणवायू फारसा नसतो, म्हणून तिवराची आडवी मुळे जमिनीखालून सरळ वर पेन्सिली सोडतात. ओहोटीला ऐरोलीच्या काठावर पाहिले तर झाडाभोवती शेकडो बोटे वर करून उभी असतात, खडबडीत, करड्या रंगाची, काहींवर शेवाळ. अंगावरच्या बारीक छिद्रांतून ती हवा आत घेतात. भरतीत ती बुडतात. राडारोडा आणि प्लॅस्टिक त्यांच्यावर साचले की वरचे झाड हिरवे दिसत असतानाच खालून गुदमरू लागते. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला.

इंग्रजी शब्दकोशांतला सर्वांत लांब शब्दही पी-एननेच सुरू होतो : न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. अक्षरे ४५, अर्थ ज्वालामुखीच्या सूक्ष्म धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग. तो कुठल्याही वैद्याने घडवला नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेत, निव्वळ लांब शब्द हवा म्हणून तो जुळवला गेला. शाळेतली मुले पैज लावून तो पाठ करतात. नवी मुंबईच्या डोंगरांत वर्षानुवर्षे दगडखाणी चालल्या. अशा धुळीने जो आजार होतो त्याला डॉक्टर सिलिकोसिस एवढेच लिहितात.