मसल कारच्या इंजिन स्वॅपसाठी ब्लॉक निवडणे

मसल कार म्हणजे साधारण १९६४ ते १९७४ या काळात अमेरिकेत बनलेली, मध्यम आकाराची, दोन दारांची आणि बॉनेटखाली मोठं व्ही-८ कोंबलेली गाडी. पाँटिअ‍ॅक जीटीओ, शेवेल, चार्जर वगैरे. लोक मस्टँग आणि कमॅरोलाही त्यातच धरतात, जाणकार त्यांना पोनी कार म्हणून वेगळं काढतात, ते सोडा. अशा गाडीतलं मूळ इंजिन काढून दुसरं बसवणं म्हणजे इंजिन स्वॅप, आणि त्यातला पहिला प्रश्न ब्लॉक कुठला घ्यायचा हा. ब्लॉक म्हणजे आठ सिलिंडर आणि खाली क्रँक (पिस्टनच्या वरखाली हालचालीने गोल फिरणारा दांडा) धरणारं ओतीव धूड. हेड (सिलिंडरवरचं झाकण), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), कार्बोरेटर नंतर कधीही बदलता येतात, पण बोअर (सिलिंडरचा व्यास) कितीपर्यंत जाईल, क्रँक केवढी बसेल, माउंट कुठे येतील, गिअरबॉक्स कुठली लागेल हे सगळं ब्लॉकवर ठरतं. तरी बहुतेक जण हॉर्सपॉवरच्या आकड्यापासून सुरुवात करतात आणि मग इंजिन खाली सोडताना कळतं की ऑइल पॅन (इंजिनाखालची तेलाची परात) चासीच्या आडव्या पट्टीवर, क्रॉसमेंबरवर टेकतोय.

सगळ्यात जास्त वापरला गेलेला जुना ब्लॉक म्हणजे शेव्हरोलेचा स्मॉल ब्लॉक. १९५५ साली २६५ घनइंचाचा आला, १९६७ च्या कमॅरोत ३५० झाला, बोअर ४ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ३.४८ इंच. याचे पार्ट अमेरिकेत कुठेही मिळतात, तेही स्वस्तात. मागे बेलहाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्स जोडतात तिथल्या कडेवर ओतीव नंबर असतो, तारेच्या ब्रशने ग्रीस खरवडलं की वाचता येतो. त्यातला ३९७००१० हा लई गाजलेला, शेवटचे तीन आकडे धरून सगळे त्याला नुसतं '०१०' म्हणतात. विकणारा छातीठोकपणे सांगतो की ०१० म्हणजे फोर बोल्टच, पण हाच नंबर टू बोल्ट ब्लॉकवरही असतो, पॅन खोलून मेन कॅप बघितल्याशिवाय काही कळत नाही. (मेन कॅप म्हणजे क्रँकला खालून आवळून धरणारे पट्टे, त्यांना दोन बोल्ट की चार एवढाच फरक.) रस्त्यावर चालवायच्या, ४०० हॉर्सपॉवरपर्यंतच्या गाडीला टू बोल्ट आरामात पुरतो, उगाच चारच्या नादात जास्त पैसे मोजू नयेत. खरा बघायचा फरक १९८६ चा आहे, तेव्हापासून मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं जाऊन एका तुकड्याचं आलं, क्रँकचं मागचं तोंड बदललं, म्हणजे जुना फ्लायव्हील (क्रँकच्या मागचं जड चाक) नव्या ब्लॉकला चालत नाही. १९८७ पासून बऱ्याच ब्लॉकमध्ये रोलर लिफ्टरची (कॅमवर घासण्याऐवजी चाकावर फिरणाऱ्या लिफ्टरची) सोयही आली, तो मिळाला तर घ्यावा.

४०० घनइंचाचाही स्मॉल ब्लॉक होता, बोअर ४.१२५ इंच. पण एवढा बोअर बसवायला शेजारशेजारचे सिलिंडर एकमेकांना चिकटवून ओतले, मधून पाणी फिरायला जागाच नाही, म्हणून डेकवर (ब्लॉकच्या हेड बसतं त्या वरच्या सपाट भागावर) वाफ निघायला छोटी भोकं ठेवली. त्याच्यावर दुसरं हेड टाकताना ती भोकं हेडमध्येही पाडायची असतात, विसरलं की इंजिन तापणार. म्हणून बरेच जण ३५० चा ब्लॉक ०.०३० इंच रिबोअर करून (सिलिंडर तेवढा मोठा कातून) त्यात ४०० च्या स्ट्रोकची, ३.७५ इंचाची क्रँक घालतात, तो प्रसिद्ध ३८३ स्ट्रोकर.

ब्लॉक कुठलाही असो, मशीन शॉपमध्ये तपासल्याशिवाय पैसे लावू नयेत. आपल्याकडे डिझेल इंजिनाला लायनर असतो, झिजला की नवा ठोकला, काम झालं. या जुन्या अमेरिकन व्ही-८ मध्ये लायनर नसतो, सिलिंडरची भिंत म्हणजे ब्लॉकचंच लोखंड, त्यामुळे भिंत किती जाड उरलीय यावरच सगळं. आधी नुसतं नख फिरवून बघायचं: सिलिंडरच्या वरच्या काठाखाली, जिथपर्यंत रिंग पोचते तिथे कड लागली, नख अडकलं की समजायचं बोअर झिजलाय. मग सॉनिक टेस्ट, म्हणजे ध्वनिलहरीने भिंतीची जाडी मोजणं, कारण ओतताना साचा जरा सरकला तर एक बाजू जाड आणि एक पातळ असं होतं आणि ते वरून दिसत नाही. आणि तडे. मिशिगन-मिनेसोटासारख्या थंडीच्या राज्यात कोणी ब्लॉकमध्ये साधं पाणी ठेवून गाडी उभी केली की ते गोठतं, फुगतं आणि ब्लॉक फोडतं. फ्रीझ प्लग (ब्लॉकच्या बाजूच्या भोकांतलं पत्र्याचं बूच) बाहेर आलेला दिसला तर जास्तच संशय घ्यावा. लोखंडाच्या ब्लॉकवर चुंबक लावून लोखंडी भुकटी टाकतात, तडा असेल तिथे ती रेघ धरून बसते.

आजकाल मात्र बहुतेक स्वॅप एलएस घराण्यात, म्हणजे शेव्हरोलेची मालक जनरल मोटर्स हिच्या नव्या व्ही-८ इंजिनांत होतात. पहिलं एलएस१ १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलं, ५.७ लिटर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक. तो हलका आहे, पण त्याचे लोखंडी लायनर ओततानाच बसवलेले आणि पातळ, रिबोअरला जवळजवळ वावच नाही. माझं मत विचाराल तर पिकअप ट्रकचा लोखंडी ब्लॉक घ्यावा. १९९९ पासून शेवीच्या ट्रकमध्ये ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची ही इंजिनं आली, जंकयार्डमध्ये ढिगाने मिळतात. ॲल्युमिनियमपेक्षा ३५ ते ४५ किलो जड पडतात, पण जुन्या पूर्ण लोखंडी इंजिनाशी तुलना केली तर पुढचा एक्सल काही कुरकुरत नाही. मेन कॅपला सहा बोल्ट कंपनीतूनच. ५.३ चा बोअर ३.७८ इंच आणि ६.० चा ४ इंच, हे लक्षात ठेवायचं कारण असं की एलएस३ ची मोठ्या व्हॉल्व्हची हेड ४ इंचाखालच्या बोअरवर बसत नाहीत, व्हॉल्व्ह भिंतीला धडकतो.

याच घराण्याच्या २००५ पासूनच्या चौथ्या पिढीत नॉक सेन्सर (इंजिनातली ठकठक ओळखणारे) वरून ब्लॉकच्या बाजूला गेले, कॅम सेन्सर मागून पुढे आला आणि क्रँकच्या चाकाचे दात २४ च्या जागी ५८ झाले (सगळ्यांचे एकदम नाही), म्हणजे कॉम्प्युटर आणि वायरिंग ब्लॉकच्या पिढीप्रमाणे जुळवायचं. जुन्या गाडीत बसवताना माउंटला ॲडॅप्टर प्लेट लागते, ट्रकचा खोल पॅन बदलावा लागतो, आणि क्रँकचं मागचं तोंड ०.४ इंच आत असल्याने जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला स्पेसर घालावा लागतो. हा स्पेसर लोक हमखास विसरतात.

फोर्डवाल्यांचा प्रश्न वेगळा, तिथे जागा अडते. जुन्या मस्टँगच्या बॉनेटखाली दोन्ही बाजूंनी शॉक टॉवर (पुढच्या सस्पेन्शनचे पत्र्याचे उंचवटे) आत आलेले. ३०२ आणि ३५१ विंडसर दोघांचा बोअर ४ इंच, पण डेकची उंची ३०२ ची ८.२ इंच आणि ३५१ ची साडेनऊच्या आसपास, म्हणजे ३५१ उंचही आणि रुंदही, एक्झॉस्ट घालताना बोटं सोलून निघतात. तरीही ५०० हॉर्सपॉवरच्या पुढे जायचं असेल तर ३५१ च घ्यावा, कारण ३०२ चा कंपनीचा ब्लॉक तिथून पुढे उभा दुभंगतो. २०११ चं कोयोटी भारी इंजिन आहे पण चार कॅममुळे इतकं रुंद की टॉवर कापल्याशिवाय जमतच नाही. क्रायस्लरमध्येही असंच, त्यांचे ३८३ (वरच्या शेवी स्ट्रोकरशी याचा संबंध नाही) आणि ४४० भाऊ दिसतात पण ४४० चा डेक पाऊण इंच उंच.

एका ब्रँडच्या गाडीत दुसऱ्याचं इंजिन हा भावनेचाही विषय आहे. १९७७ मध्ये ओल्ड्समोबिलच्या गाड्यांत शेव्हरोलेची इंजिनं निघाली तेव्हा गिऱ्हाइकं कोर्टात गेली आणि जनरल मोटर्सला भरपाई द्यावी लागली, दोन्ही ब्रँड त्यांचेच असूनही.

कायद्याचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलना स्मॉग टेस्ट (धुराची चाचणी) नाही, त्यानंतरच्या गाडीत घातलेलं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्याहून नवं हवं. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, इंजिन नंबर आरसीवर असतो, आरटीओच्या परवानगीशिवाय हे करता येत नाही.

आणि गाडीचा मूळ ब्लॉक हाताशी असेल तर तो भंगारात देऊ नये. १९६८ पासून चासी नंबरचा भाग ब्लॉकवर ठोकलेला असतो, आणि तो जुळला तर गाडीची किंमत बरीच चढते. डेक घासताना मशीन शॉपवाला तो नंबरच घासून टाकतो असं पुष्कळदा होतं, म्हणून आधी फोटो काढावा, सिलिंडरला आतून तेल फासावं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवावा.