तिथे राहताच कशाला? पारसिकच्या उतारावरच्या एका प्रश्नाचा इतिहास

मे महिना संपत आला की ठाण्याजवळच्या पारसिक डोंगरावर, कळवा आणि मुंब्र्याच्या पट्ट्यात महापालिकेचे कर्मचारी नोटिसा घेऊन चढू लागतात. दरड कोसळण्याचा धोका आहे, पावसाळ्यापूर्वी घर रिकामे करावे, न केल्यास होणाऱ्या हानीला महापालिका जबाबदार राहणार नाही, अशा आशयाचा मजकूर त्यात असतो. बहुतेक घरे रिकामी होत नाहीत. 19 जुलै 2021 रोजी कळवा पूर्वेच्या घोलाईनगरमध्ये दरड एका घरावर आली आणि एकाच कुटुंबातले पाच जण गेले. अशा बातमीनंतर पहिला दिवस हळहळीचा असतो. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये, कार्यालयात, सोसायटीच्या आवारात एकच प्रश्न ऐकू येतो: धोका माहीत होता, नोटीसही मिळाली होती, मग ही माणसे तिथे राहतातच कशाला?

प्रश्न विचारणारे सगळेच निर्दय नसतात. त्यातले कित्येक जण आदल्या दिवशी मनापासून हळहळलेले असतात. पण या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर-दीडशे वर्षांत विखुरलेले आहे, आणि ते न पाहता जबाबदारीचा हिशेब मांडला तर तो मेलेल्यांवर अन्याय करणारा होतो, असे मला वाटते.

संकटात सापडलेल्याला मदत देण्याआधी त्याची परीक्षा घ्यायची, ही रीत सरकारी व्यवहारात पक्की झाली ती दुष्काळात. 1876 ते 1878 या काळात मुंबई इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. 1877 मध्ये रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने दुष्काळी कामांवरची मजुरी कमी केली. प्रौढ पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अगदी थोडे पैसे, एवढ्यावर खडी फोडायची. जास्त दिले तर लोक आळशी होतील, घरी बसतील, ही भीती त्यामागे होती. इलाख्यातल्या मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगाने आणि त्यावरून तयार झालेल्या दुष्काळ संहितांनी धडधाकट माणसाला कामाच्या बदल्यातच मदत आणि फुकट मदत फक्त असहायांना, हे तत्त्व कायम केले. उपाशी मरू द्यायचे नाही ही जबाबदारी सरकारने त्यात स्वीकारली, हे मोठे पाऊल होते. पण मदतीला पात्र कोण आणि स्वतःच्या दोषाने अडचणीत आलेला कोण, ही वाटणीही त्याच कागदांत रुजली.

ठाण्याचा संबंध पुढच्या मोठ्या दुष्काळाशी आहे. 1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले. 17 मार्च 1970 रोजी सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी आली आणि 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई हे नवे शहर आखले जाऊ लागले. तेवढ्यात 1972 चा दुष्काळ पडला. राज्याने रोजगार हमीची कामे काढली, रस्ते आणि पाझर तलाव खोदले गेले, लाखो हातांना काम मिळाले, आणि हे श्रेय महाराष्ट्राला दिलेच पाहिजे. तरीही मराठवाडा, सोलापूर, नगर, माण-खटावकडून मुंबई-ठाण्याकडे येणारी माणसे थांबली नाहीत. कारखान्यांना कामगार हवे होते. नव्या शहराला खडी हवी होती आणि ती पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणींतून निघत होती. कारखान्यासाठी भूखंड आखला गेला, रस्ता आखला गेला, पाण्याची लाइन आखली गेली. त्या कारखान्यात किंवा खाणीत राबणाऱ्या माणसाने रात्री झोपायचे कुठे, हे मात्र कुठल्याच नकाशावर पुरेसे नव्हते. दिघा, इलठणपाडा, तुर्भ्याच्या खाणींजवळच्या वस्त्या आणि डोंगराच्या ठाण्याकडच्या बाजूला कळव्याचे भास्करनगर, वाघोबानगर, घोलाईनगर ही त्या रिकाम्या जागी लोकांनी स्वतः भरलेली उत्तरे आहेत.

म्हणजे डोंगरावर आलेल्या पहिल्या पिढीतले अनेक जण एका आपत्तीतून निघून दुसऱ्या आपत्तीच्या तोंडाशी येऊन बसले होते. दुष्काळग्रस्त म्हणून ज्यांच्याविषयी कळवळा होता, तेच तीस-चाळीस वर्षांनी अतिक्रमण करणारे ठरले.

डोंगर का खचतो, हेही थोडे सांगायला हवे, कारण रहिवाशांच्या जबाबदारीचा खरा भाग इथे येतो. पारसिकचा डोंगर बेसॉल्टचा. वर झिजलेल्या दगडाचा मुरूम, खाली कठीण खडक. चाळ बांधायची तर सपाट जागा लागते, म्हणून उताराचा पाय कापला जातो आणि मागे उभा कडा राहतो. झाडे जातात. मोरीचे आणि शौचालयाचे पाणी बारमाही मुरूमात मुरत राहते. जुलैत दोन-तीन दिवस सलग पाऊस झाला की भिजलेला मुरूम जड होतो, खडकावरून सुटतो आणि सोबत मोठे दगड घेऊन खाली येतो. वरच्या घराने कापलेला उतार खालच्या घरावर पडतो. नाल्यात टाकलेला कचरा आणि राडारोडा पाण्याची वाट वळवतो. हे सगळे माणसांनी केलेले आहे आणि वस्तीतल्या माणसांनीही केलेले आहे. 1916 पासून वापरात असलेल्या पारसिक बोगद्याच्या माथ्यावरही घरे चढली, आणि खालून जाणाऱ्या लाखो प्रवाशांचा जीव त्यात गुंतला. तेव्हा रहिवाशांकडे बोटच दाखवू नये, असे मी म्हणणार नाही. पण उतार कापून खोल्या विकणारा एक असतो आणि डिपॉझिट भरून त्यात राहायला येणारा दुसरा. दरड कोसळते तेव्हा पहिला बहुधा तिथे राहत नसतो.

या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा भाग कायद्याचा आहे. 1971 मध्ये झोपडपट्टी सुधारणा कायदा झाला. 1976 मध्ये मुंबईत झोपड्यांची गणना होऊन रहिवाशांना फोटोपास, म्हणजे छायाचित्रासह ओळखपत्रे, दिले गेले. तेव्हापासून एक पद्धत पडली: अमुक तारखेपूर्वी इथे राहत होतो हे सिद्ध केले, तर घर पाडताना पर्यायी जागा मिळेल. ही तारीख पुढे सरकत 1 जानेवारी 1995, मग 1 जानेवारी 2000 झाली, आणि नंतर 2011 पर्यंतच्या रहिवाशांना पैसे भरून घर देण्याची तरतूद आली. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की पात्र ठरण्यासाठी त्याच जागी, त्याच खोलीत, कागदांच्या सलग पुराव्यासह राहणे भाग पडले. लाइट बिल, मतदार यादी, घरपट्टीची पावती हीच घराची कागदोपत्री भिंत. जो माणूस धोका ओळखून पावसाळ्यापुरता का होईना बाहेर पडतो, त्याच्या खोलीत दुसरा कोणी शिरण्याची भीती असते आणि पाहणीच्या दिवशी दाराला कुलूप दिसले तर नाव गळण्याची. नोटीस सांगते निघा. पात्रतेचे नियम सांगतात हलू नका. शहाण्या माणसाने यातले काय ऐकावे?

1985 मध्ये मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा वेगळ्या बाजूने पाहिला होता. माणूस पदपथावर किंवा झोपडीत राहतो कारण त्याचे काम तिथून जवळ आहे. निवारा गेला की रोजगार जातो, आणि रोजगाराचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. नोटीस देऊन हटवण्याची मुभा मात्र ठेवली. निकालाचा पहिला भाग भाषणांत राहिला, दुसरा व्यवहारात आला.

मुंब्र्याच्या वाढीला आणखी एक कारण आहे. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबे सुरक्षित वाटेल अशी जागा शोधत इथे आली. त्यांनी डोंगर किंवा बेकायदा इमारत निवडली, असे म्हणणे अर्धसत्य आहे. ज्या इतर ठिकाणी त्यांना घर मिळाले नसते, ती ठिकाणे हिशेबात धरली तर निवडीला फारशी जागा उरत नाही. ही मागणी ओळखून पट्ट्यात अनधिकृत इमारतींचा धंदा वाढला, आणि त्याचे सर्वांत भयंकर रूप 4 एप्रिल 2013 रोजी शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये दिसले. सात मजले उभे, आठव्याचे काम सुरू, खालच्या मजल्यांवर माणसे राहत असतानाच इमारत कोसळली. 74 जणांचा मृत्यू झाला. इमारत काही महिन्यांतच उभी केली होती. आत कुटुंबे राहत असली की पाडकाम अडते, हे अशा बांधकामांच्या धंद्यातले उघड गणित आहे. त्या मुलाबाळांची ढाल केली गेली होती. या प्रकरणात बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारीही अटकेत गेले. रहिवाशांना दोष देणारा सूर त्या वेळी बराच दबला होता, कारण जबाबदारांची साखळी प्रथमच सगळ्यांना दिसली.

त्यानंतर धोकादायक इमारतींची वर्गवारी कडक झाली. सी-वन म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-टू-ए रिकामी करून दुरुस्त करायची. सी-टू-बी लोक आत असताना दुरुस्त करता येणारी. सी-थ्री किरकोळ दुरुस्तीची. 30 वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण मालकाने किंवा सोसायटीने करून घ्यायचे, ही तरतूद महापालिका कायद्यात आहेच. ही खरी व्यक्तिगत जबाबदारी आहे आणि ती टाळली जाते, खर्चाच्या भीतीने आणि निकाल काय येईल या भीतीनेही. ऑगस्ट 2015 मध्ये नौपाड्यातली एक जुनी इमारत पहाटे कोसळून 12 जण गेले. नौपाडा ही ठाण्यातली जुनी, सुशिक्षित वस्ती. पागडीचे, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम भरून नाममात्र भाड्याने राहणारे, भाडेकरू घर सोडत नाहीत, कारण इमारत एकदा जमीनदोस्त झाली की आपला हक्क मालक मानेल का, याची खात्री नसते. म्हणूनच पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या जागेचे मोजमाप करून नोंद ठेवण्याची पद्धत आली. पर्याय म्हणून ठाण्यात एमएमआरडीए या मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाच्या भाडेतत्त्वावरील घरांचा उपयोग होतो. 160 चौरस फुटांची खोली, अनेकदा शाळा आणि कामापासून लांब.

आता खाडीच्या पलीकडे पाहू. नवी मुंबईचा मोठा भाग खारजमिनीवर भराव टाकून उभा आहे आणि काही नोडची, म्हणजे आखीव उपनगरांची, पातळी उधाणाच्या भरतीपेक्षा खाली आहे. सिडकोने यासाठी भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ओहोटीला सोडणारे धारण तलाव बांधले. त्यांत गाळ साचला, खारफुटी वाढली, आणि ती कायद्याने संरक्षित असल्याने गाळ काढणे परवानग्यांत अडकले. अतिवृष्टी आणि उधाण एकाच वेळी आले की सखल भागांत पाणी भरते. हासुद्धा आपत्तीप्रवण भागच आहे. पण इथल्या सेक्टरमध्ये फ्लॅट घेणाऱ्याला तिथे राहताच कशाला, असे कोणी विचारत नाही. वाशीतल्या सिडकोने बांधलेल्या इमारतींत स्लॅबचे तुकडे पडत असताना लोक वर्षानुवर्षे राहिले, पुनर्विकासाच्या चटई क्षेत्राचा, म्हणजे किती बांधकाम करता येईल याचा, वाद मिटण्याची वाट पाहत. त्यांचे वागणे घोलाईनगरच्या माणसासारखेच होते: धोका माहीत, जाण्याची तयारी, पण हक्क गमावून जायचे नाही. त्यांना मिळाली ती सहानुभूती योग्य होती. तीच डोंगरावर का पोचली नाही, याचे उत्तर मला खातेउताऱ्यावरच्या नावाखेरीज दुसरीकडे सापडत नाही.

आणि ज्यांचे नाव उताऱ्यावर होते, त्या आगरी-कोळी भूमिपुत्रांचे काय झाले? जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात आंदोलन झाले आणि गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. पण भूखंड हाती येण्यात वर्षे गेली, गावठाणांची हद्द वाढली नाही, कुटुंबे वाढली. मग गरजेपोटी बांधलेली घरे आली, आणि त्यांच्यामागून नफ्यासाठी बांधलेले मजले. 27 जुलै 2024 रोजी बेलापूरच्या शहाबाज गावातली इंदिरा निवास ही इमारत पहाटे कोसळली. तीन जण दगावले. इमारतीचे लक्षण ओळखून बहुतेक रहिवासी वेळेत बाहेर पडले, म्हणून आकडा तिथेच थांबला. लोक सावध नसतात, असे म्हणणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी.

सरकारी यादीवरही सगळे सोडता येत नाही. रायगडमधली इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री गाडली गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण सापडलेच नाहीत. ही ठाकर समाजाची वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. तिथे नोटीस नव्हती, म्हणून दोषही कोणी दिला नाही. वाचलेल्यांसाठी सिडकोकडून चौकजवळ घरे बांधून घेण्यात आली. म्हणजे मनावर घेतले तर ज्या यंत्रणा ठाणे-नवी मुंबईत आहेत, त्याच सुरक्षित जागा शोधू शकतात, घरेही बांधू शकतात. कळवा-मुंब्र्याच्या नोटिशीवर ज्या दिवशी घर रिकामे करण्याच्या आदेशाखाली दुसऱ्या घराचा पत्ता असेल आणि परत येण्याच्या किंवा पात्रतेच्या हक्काची लेखी हमी असेल, त्या दिवशी न निघणाऱ्याला त्याची जबाबदारी विचारता येईल.