सेजब्रश की रॅबिटब्रश? बी गोळा करायच्या आधी नीट बघा

आमच्याकडे अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बॉयसी शहराच्या बाहेर पडलं की उतारांवर सगळीकडे राखाडी झुडपं, आणि नवीन माणूस सरसकट सगळ्यांना सेजब्रश म्हणून मोकळा होतो, मीही दोन वर्षं तेच म्हणत होते. पण त्यात बऱ्याचदा रॅबिटब्रशही मिसळलेलं असतं, दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, दोन्हीचं बी थंडीच्या तोंडावर पिकतं. रोपं करायची असतील तर फरक कळायलाच हवा.

आधी पान बघा. सेजब्रशचं पान पाचरीसारखं, टोकाला तीन दात, म्हणून तर शास्त्रीय नावात ट्रायडेंटाटा आहे. बोटांत चुरडलं की जो वास येतो ना, मला थेट दवणा आठवतो, चैत्रात जोतिबाला वाहतात तो, आणि हे उगीच नाही, दोघंही आर्टेमिसिया वंशातलेच. (स्वयंपाकातला सेज वेगळा हं, तो तुळशीच्या कुळातला.) रॅबिटब्रशचं पान बारीक, लांबट, दात नाहीतच, आणि कोवळ्या फांदीवर मऊ लोकरीसारखी लव. सप्टेंबरात तर प्रश्नच नाही, लांबून पिवळंधमक दिसतं ते रॅबिटब्रश. सेजब्रशची फुलं फिकी, बारीक, परागीभवन वाऱ्यावर होतं त्यामुळे त्यांना नटायची गरजच नाही.

खरा फरक बियांत आहे. रॅबिटब्रशच्या बीला केसांचा झुपका असतो, रुईच्या म्हातारीसारखं उडत लांब जातं. सेजब्रशचं बी खसखशीएवढं, एका पौंडात वीस लाखांच्या आसपास, आणि उडायला काहीच नाही, बहुतेक सगळं आईच्या पायाशीच पडतं. त्यात वणवा लागला तर रॅबिटब्रश बुंध्यातून परत फुटतं पण हे सेजब्रश (याच जातीला ‘मोठं सेजब्रश’, बिग सेजब्रश म्हणतात) मरतंच, आणि मोकळ्या जागेत चीटग्रास नावाचं परदेशी गवत घुसतं जे वाळून पुढच्या आगीला सरपण होतं. २०१५ च्या सोडा फायर नावाच्या वणव्यात आयडाहो-ओरेगॉनच्या हद्दीवर सुमारे २ लाख ८० हजार एकर जळलं, एवढ्या पट्ट्याच्या मध्यावर बी आपोआप पोचणार कसं? सेज ग्राउस पक्षी तर अख्खा हिवाळा सेजब्रशच्याच पानांवर काढतो. म्हणून मला हे झुडूप हाताने लावावंसं वाटतं.

पेरताना मी पहिल्या वर्षी धणे पेरतो तसं अर्धा इंच माती टाकून बसले, एकही कोंब आला नाही. सेजब्रशच्या बीला उजेड लागतो, मातीवर भुरभुरायचं आणि तळहाताने नुसतं दाबायचं, बास. रॅबिटब्रशवर मातीचा अगदी पातळ थर चालतो. कुंडी उभट घ्या कारण मूळ सरळ खाली धावतं, मातीत वाळू किंवा परलाइट भरपूर, शेणखत-कंपोस्ट नको. थंडीत कुंड्या बाहेरच ठेवा, बर्फ पडला तर पडू दे, तो हळूहळू वितळतो तेव्हाच बी रुजतं. ते जमत नसेल तर ओल्या टिशूत गुंडाळून दोन आठवडे फ्रिजमध्ये. कोंब आल्यावर मात्र रोज वरून पाणी घालू नका, मर लागते आणि रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात.

बी जवळपासच्या आणि तेवढ्याच उंचीवरच्या झुडपांचं घ्या, मोठ्या सेजब्रशच्या मुख्य तीन उपजाती आहेत, बेसिन, वायोमिंग आणि माउंटन, आणि डोंगरावरची खाली कोरड्या जागी टिकत नाही. रॅबिटब्रशचे झुपके ऑक्टोबरात उघडायला लागतात, सेजब्रशसाठी नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत थांबायचं, तुरा तळहातावर चोळून बघा, भुशातून बारीक तपकिरी दाणे सुटले की तयार. भुसाच जास्त निघतो, घाबरू नका. मग चांगलं वाळवून बरणीत, आणि एक-दोन वर्षांत पेरून टाका, सेजब्रशचं बी जास्त दिवस जिवंत राहत नाही.