हरणांच्या फोटोसाठी लेन्स नेण्याआधी एवढं वाचा

आमच्या सांगलीच्या दुकानातून ४०० एमएमची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स भाड्याने नेणारे बरेच जण पहाटे सागरेश्वरला जातात आणि संध्याकाळी तोंड पाडून परत येतात. "लेन्स शार्प नाही हो." आम्ही कार्ड लावून बघतो. लेन्स ठणठणीत असते. फ्रेममध्ये मात्र पळणाऱ्या चितळाचं बूड असतं, तेही हललेलं. म्हणून हा कागद.

सागरेश्वर अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरांवर झाडं लावून ते उभं राहिलं, १९८५ साली अभयारण्य झालं. कुंपण असल्यामुळे लोकांना वाटतं, हरणं आहेतच कुठे जाणार! पण कुंपण असलं तरी नाक, कान शाबूत आहेत त्यांचे.

सगळा खेळ वाऱ्याचा. बसण्याआधी चिमूटभर माती सोडा. ती तुमच्याकडून पाणवठ्याकडे उडाली, तर जागा बदला, मग तिथला उजेड कितीही सुंदर असो. मी स्वतः एकदा आळस केला. वीसेक पावलांवर चितळाची मादी आली, थबकली. मान ताणली, पुढचा पाय दोनदा आपटला, शेपूट वर, आणि मागचा अख्खा कळप झाडीत गडप. तिने पाय आपटला की आपण श्वाससुद्धा रोखायचा; बहुतेक जण नेमकं तेव्हाच बटण दाबतात.

इथे बारमाही पाणी नाही, त्यामुळे उन्हाळ्यात जनावरं पाणवठ्यावर येतात. पाठलाग करू नका, आधी जाऊन बसा. निळी जीन्स घालू नका. हरणांना लाल-केशरी नीट ओळखू येत नाही, निळा मात्र चटकन दिसतो.

काळवीट हरणांत धरलं जातं, पण ते कुरंग, म्हणजे अँटिलोप. त्याची शिंगं जन्मभराची. चितळ, सांबर, भेकर यांची गळून पुन्हा येतात. फोटोवाल्याची अडचण वेगळीच: प्रौढ नर वरून काळा, पोटाला पांढरा. तो फ्रेमभर आला की काळ्या रंगामुळे कॅमेरा फसतो, फोटो उजळ करतो आणि पोटाचा पांढरा जळतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, अर्धा-पाऊण स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). सांबर सावलीतलं, अंधुक उजेडातलं जनावर. तिथे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ३२०० ला घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. उभ्या जनावराला शटरचा वेग १/५०० सेकंद, पळत्याला १/१००० पेक्षा जलद. फोकस डोळ्यावर, शिंगांवर नव्हे. फ्लॅश बंद.

लेन्सबरोबर जुन्या खाकी पँटचा पाय कापून शिवलेली, शाळूने भरलेली पिशवी फुकट देतो. दगडावर टाका, वर लेन्स ठेवा. कमी उंचीवर ट्रायपॉडपेक्षा बरी. भिजवू नका. एकाने ओली परत केली, तिसऱ्या दिवशी शाळूला मोड आले होते.

गवतात एकटं पाडस दिसलं तर ते हरवलेलं नाही. आई त्याला दडवून चरायला गेलेली असते, आणि तुम्ही तिथे उभे असेपर्यंत ती परतायची नाही. लांबूनच निघा. गळलेलं शिंग आठवण म्हणून उचलू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि चांगलाच कडक आहे. हरणं कुंपणाबाहेर शिवारातही येतात. तिथे फोटो काढायचा तर आधी मालकाला विचारा. त्याच्या उसाचं, शाळूचं नुकसान त्या हरणांनीच केलेलं असतं, त्यामुळे तुमच्या कौतुकाला तो हसेलच असं नाही.

लेन्सवर धूळ बसणारच. सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, धुळीतल्या खड्यांनी काचेवरचा लेप खरवडतो. पिशवीत ब्लोअर (हवा मारून धूळ उडवायचा रबरी फुगा) दिलाय, तेवढाच वापरा. नाहीतर तशीच धुळीसकट आणून द्या, आम्ही साफ करू.